रविवारचा चहा

(दृश्य: गॅसवर पातेलं. किसलेलं आलं पडतं. मागून चार-सहा जणांच्या गप्पा.)

आधी चहा, मग पुस्तकं. पुण्यातल्या या दोन खोल्यांच्या घरात महिन्यातून एका रविवारी हाच क्रम असतो. आठ-नऊ जण जमतात. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी अजून कॉलेजात. एक काका रिक्षा चालवतात आणि सगळ्यांपेक्षा जास्त कविता त्यांनाच पाठ आहेत. कपांचा मेळ नाही, एकाचा कान तुटलेला. तो कप यजमानांचा.

नियम एकच. पुस्तकाबद्दल बोलण्याआधी त्यातलं एक पान मोठ्यानं वाचायचं. 'छान आहे', 'ओघवतं आहे' ही वाक्यं नंतर. आणि वाचन चालू असताना खारी खायची नाही. हा दुसरा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पहिल्यापेक्षा कडक पाळला जातो.

आम्ही कॅमेरा लावला तेव्हा वाटलं होतं, तासाभरात काम उरकेल. पण एक आजी कप पुढे करत म्हणाल्या, "यात नवीन काय टिपताय? पुण्यात चहावरून कवींचं अख्खं मंडळ निघालं होतं."

मग ही फिल्म तिकडेच वळली.

(दृश्य: काळी-पांढरी छायाचित्रं. फेटे, टोप्या, गोल काचांचे चष्मे.)

विसाव्या शतकाची विशी. पुण्यात काही तरुण कवी रविवारी एकत्र जमू लागले. चहा घ्यायचा, आठवड्यात लिहिलेली कविता म्हणून दाखवायची आणि इतरांची ऐकून घ्यायची. या बैठकीचं गमतीचं नाव होतं 'सन-टी क्लब'. संडेचा 'सन' आणि चहाची 'टी'. १९२३ मध्ये रीतसर मंडळ स्थापन झालं, तेव्हा नावातला रवी राहिला, चहा गाळला गेला आणि त्याच्या जागी किरण आले. रविकिरण मंडळ. त्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या संग्रहाचं नावही 'किरण'.

कोण होते हे लोक? माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे माधव ज्यूलियन. फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकवायचे. यशवंत, म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर. गिरीश, म्हणजे शंकर केशव कानेटकर. नाटककार वसंत कानेटकरांचे हे वडील. श्रीधर बाळकृष्ण रानडे आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई. वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर, द. ल. गोखले. सगळे सदैव एकत्र होते असं नाही, मंडळी येत-जात राहिली. पण सात पुरुष आणि एक बाई हा हिशेब लोकांच्या लक्षात राहिला, आणि सप्तर्षी व अरुंधती ही उपमा त्यांना चिकटली.

उपमा गोड आहे. जरा थांबून पाहिलं तर टोचतेही. अरुंधती म्हणजे कुणाची तरी पत्नी. सप्तर्षींतला आठवा ऋषी नव्हे. मनोरमाबाई १९२६ मध्ये गेल्या, तेव्हा त्यांनी तिशी कशीबशी गाठली होती. मंडळातल्या बाकीच्यांना पुढे कित्येक वर्षं लिहायला मिळाली.

पुण्याला लेखकांच्या सभा काही नव्या नव्हत्या. १८७८ मध्ये महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादींनी हिराबागेत ग्रंथकारांना बोलावलं होतं. १८८५ च्या दुसऱ्या सभेचं आमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं, आणि त्यांनी ते साफ नाकारलं. बोलावणाऱ्यांना त्यांनी 'घालमोड्या दादा' म्हटलं. ज्या सभेत शेतकऱ्याचं, शूद्रातिशूद्रांचं दुःख नाही, तिथे येऊन करायचं काय, हा त्यांचा सवाल होता. रविवारच्या चहाकडे पाहतानाही तो बाजूला ठेवता येत नाही. मंडळाच्या बैठकीत बसलेली माणसं साधारण एकाच वर्गातली, शिकलेली, पांढरपेशी. कवितेत खेडं आलं, आमराई आली. पण त्या आमराईची राखण करणारा चहाला आलेला दिसत नाही.

(दृश्य: रिकामी खुर्ची, शेजारी बशीने झाकलेला कप.)

मग या मंडळानं केलं काय? माझ्या मते, कवितेला पुन्हा आवाज दिला. खोलीत आठ जणांसमोर म्हटलेली कविता यशवंत आणि गिरीश सभागृहात, शाळा-कॉलेजांत चालीवर म्हणू लागले. गावोगाव काव्यगायनाचे कार्यक्रम झाले. पुस्तक विकत घेणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांनी कविता ऐकून पाठ केली. यशवंतांची 'आई' आणि माधव ज्यूलियनांची 'प्रेमस्वरूप आई', एकाच मंडळातल्या दोघांच्या या दोन कविता. घरात कवितेचं एकही पुस्तक नसलं तरी यातली एखादी माहीत असायचीच.

कानाचं हे वेड माधव ज्यूलियनांना सर्वांत जास्त होतं. वृत्त कुठे अडखळतं, कुठे धावतं, याचा त्यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात केवढा तरी पसारा मांडला. त्यासाठी १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली. फारसीतली गझल मराठीत रुजवणारे हेच. आणि गंमत पाहा, पुढे भाषाशुद्धीचा ध्यास घेऊन फारसी शब्द वेचून बाहेर काढायला बसले तेही हेच.

चालीवर कविता म्हणायची म्हटली की टिंगल आलीच. पुण्यातच मास्तरकी करणाऱ्या प्रल्हाद केशव अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावानं विडंबनं लिहिली आणि १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' बाजारात आणली. कवींचे हळवे उसासे, फारसी शब्दांची पखरण, काहीच सोडलं नाही. पण विडंबन रंगायचं तर मूळ कविता ऐकणाऱ्याच्या ओठांवर हवी. अत्र्यांचं पुस्तक हातोहात गेलं ते रविकिरणवाल्यांच्या कविता आधीच घरोघरी पोचल्या होत्या म्हणून. हे मंडळाला तेव्हा कितपत सुचलं असेल, कोण जाणे.

चहाला जमलेल्या या चमूतले चौघे पुढे मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. माधव ज्यूलियन १९३६ ला जळगावात, माडखोलकर १९४६ ला बेळगावात, यशवंत १९५० ला मुंबईत, घाटे १९५३ ला अहमदाबादेत. बेळगावच्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तोवर कवितेची हवाही बदलत चालली होती. शतकाची चाळिशी संपता संपता नवकवी मर्ढेकर आले, आणि गोड चालीवर म्हणता येईल ती कविता असा समज मागे पडला. गेय असणं हा जवळजवळ दोषच ठरला. रविकिरण मंडळाचं नाव परीक्षेतल्या टिपेपुरतं उरलं, पाच गुणांसाठी.

(दृश्य: पुन्हा त्याच खोलीत. संध्याकाळ. ट्यूबलाइट लागते.)

आज आजींची पाळी आहे. पुस्तक मांडीवर आहे, पण त्या उघडत नाहीत. यशवंतांची 'आई' सुरू करतात. बोलत नाहीत, म्हणतात. शाळेत बाईंनी शिकवली त्याच चालीवर. आवाज कापरा आहे. दोन कडवी सरळ जातात. तिसऱ्याला शब्द सापडत नाही, आजी चष्मा काढून पुसू लागतात.

रिक्षावाले काका खाली मान घालून पुढची ओळ उचलतात. कॉलेजातली मुलगी मोबाइलवर शब्द शोधू लागते, मग मोबाइल उलटा ठेवून नुसतंच ऐकते.

कुणीच टाळ्या वाजवत नाही. यजमान विचारतात, "अजून अर्धा अर्धा घ्यायचा का?"

पातेल्यात पाणी पडतं. पुढचा रविवार कुणाकडे, यावरून वाद सुरू झालाय. आणि आता खारीचा पुडा उघडायला हरकत नाही.