लाल डाग, पांढऱ्या पेशी

(दृश्य: टेबलावर लाखेचं सील असलेलं कागदी पाकीट. कात्रीने कड कापली जाते.)

पोलिसांच्या भाषेत हा मुद्देमाल. आत एक शर्ट, बाहीवर तपकिरी डाग. नाशिकच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत असे कपडे तपासायला येतात. तपास अधिकारी ज्याची वाट बघतात, तो ‘सीए रिपोर्ट’, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचा (रासायनिक विश्लेषकाचा) अहवाल, इथूनच निघतो.

आधी ठरवायचं, हे रक्तच आहे का? पानाची पिंक, गंज, रंग, वाळल्यावर सगळं सारखंच दिसतं. डागावरून ओला बोळा फिरवतात. त्यावर फिनॉल्फ्थॅलिनच्या द्रावणाचा थेंब, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा.

(दृश्य: बोळा गुलाबी होतो.)

ही तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनची करामत. पण एवढ्यावर कुणाला आरोपी करू नये. काही भाज्यांचा रसही असाच रंग देतो. म्हणून ही चाचणी फक्त प्राथमिक.

रक्त माणसाचं की बोकडाचं, हे रक्तद्रवातल्या प्रथिनांवरून कळतं. ती चाचणी १९०१ साली जर्मनीत उलेनहूथ यांनी दिली. त्याच वर्षी व्हिएन्नात लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध जाहीर केला. गट जुळला नाही तर माणूस सुटतो. जुळला, तर मात्र फारसं काही सिद्ध होत नाही. त्याच गटाची माणसं गल्लोगल्ली सापडतील.

नेमका माणूस सांगतात त्या पांढऱ्या पेशी. रक्तात त्या एक टक्क्याहूनही कमी, पण डीएनए त्यांच्यात. माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत डीएनए बाळगणारं केंद्रकच नसतं. (कोंबडीच्या असतं, बरं का!) म्हणजे डाग दिसतो लालीमुळे आणि ओळख पटते ती त्यात न दिसणाऱ्या पेशींमुळे.

आणि या पेशी नासतात. इगतपुरीच्या पावसात भिजलेला कपडा तसाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला, तर बुरशी आणि जिवाणू डीएनएची वाट लावतात. कपडा सावलीत वाळवायचा, मगच कागदी पाकिटात. महागडं यंत्र नंतर काय करणार?

(दृश्य: रबरी बुचाची काचेची कुपी.)

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणात डाग नसतो, कुपी असते. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. पण द्राक्षाचा रस आंबून वाइन होते, तसं कुपीतल्या रक्तातल्या साखरेचंही होऊ शकतं. ते थांबवायला कुपीत सोडियम फ्लोराइड घालतात. ते घातलं होतं का, हे बचाव पक्षाचा जाणता वकील उलटतपासणीत आधी विचारतो.