लुकनचा साल्वातोरे

(नदी, पूल)
ही लिफी नदी. एकाच कमानीवर उभा असलेला हा दगडी पूल १८१४ सालचा. डब्लिनच्या पश्चिमेचं हे गाव, लुकन. आता शहराचं उपनगरच झालंय.

आपल्याकडे वाईचा माणूस वाईकर होतो. १९९४ साली जन्मलेल्या या चित्रकारानंही आडनावाच्या जागी गाव लावलं: साल्वातोरे ऑफ लुकन. लुकनकरच म्हणा ना! याआधी हे नाव मिरवलं ते सतराव्या शतकातल्या पॅट्रिक सार्सफील्ड या आयरिश सरदारानं, लुकनच्या अर्लनं (अर्ल म्हणजे उमरावाचा किताब). साल्वातोरेची आई आयरिश, वडील बांगलादेशी. अशा मुलाला 'तू मूळचा कुठला?' असं कुणीही विचारतं. त्याच्या नावातच त्याचं उत्तर आहे.

(चित्र, आधी पूर्ण, मग जवळून)
इथे जरा थांबू. चित्राचं नाव 'मी मा हीलिंग मी'. पुस्तकी इंग्रजीत 'माय मदर' झालं असतं. पण डब्लिनमध्ये घरात बोलताना आई 'मा' असते आणि 'माय'चं 'मी' होतं. आपल्याकडे कुणी तैलचित्राखाली 'माझी आय मला बरं करतेय' असं लिहावं, तसं हे. घरातली खोली, आई, आणि तिच्या हाताखाली हा एवढा मोठा झालेला मुलगा.

(ब्रश, रंग)
तैलरंग सावकाश वाळतो. काल लावलेला आज बोटाला येतो. नाही पटला तर खरवडायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा. परक्या माणसाचा चेहरा थोडा इकडेतिकडे झाला तर चालून जातं. आईचा चुकला की आपल्याला लगेच कळतं. म्हणून घरचं माणूस रंगवणं सगळ्यात अवघड. आणि एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर एके काळी राजे, सरदार, संत यायचे. साल्वातोरेनं तिथे आपली आई आणली, आपली खोली आणली. मला याचं फार मोल वाटतं.

वडिलांसोबतचंही एक चित्र आहे. ते घरातलं नाही. बापलेक मॅकडॉनल्ड्समध्ये आहेत.

(राष्ट्रीय कलादालन)
आईच्या चित्राला व्यक्तिचित्रांच्या स्पर्धेतलं २०२१ चं झुरिक पोर्ट्रेट पारितोषिक मिळालं: १५,००० युरो, शिवाय राष्ट्रीय संग्रहासाठी नवं चित्र काढायचं काम.

डब्लिनच्या मेरियन चौकातलं हे आयर्लंडचं राष्ट्रीय कलादालन १८६४ पासूनचं. स्पर्धेतली चित्रं इथेच लागली होती. दालन राष्ट्राचं, पण चित्राचं नाव घरातलंच राहिलं: मी मा.