पोटरीच्या ऑपरेशननंतर

नमस्कार, श्रोतेहो. टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलिस टेंडन, महिनोन्‌महिने ठणकत राहते. काहींना डॉक्टर पोटरीचं ऑपरेशन सुचवतात. दुखतंय टाचेमागे आणि ऑपरेशन पोटरीचं? हो. पोटरीचा वरचा स्नायू आखूड असला की पावलागणिक त्या शिरेवर ताण येतो. म्हणून तो स्नायू सैल करतात.

पण आधी व्यायाम. पुन्हा सांगते, आधी व्यायाम! आणि हा व्यायाम कसा सापडला, ते ऐकाच. स्वीडनमध्ये उमेओ शहरात हाकान आल्फ्रेडसन नावाचे हाडांचे सर्जन. धावण्याचं वेड. त्यांचीच टाच धरली. वरिष्ठांकडे गेले, माझं ऑपरेशन करा म्हणाले. वरिष्ठांनी साफ नकार दिला, कारण हे रजेवर गेले तर काम अडणार. आल्फ्रेडसन इरेला पेटले. शीर तुटली तर ऑपरेशन करावंच लागेल, असा त्यांचा हिशेब. मग मुद्दाम दुखऱ्या पायावर भार घेऊन टाच खाली सोडायचा सपाटा लावला. दुखत असतानाही थांबले नाहीत. शीर तुटली तर नाहीच, उलट दुखणंच ओसरलं! पुढे त्यांनी १५ हौशी धावपटूंकडून तेच करून घेतलं. पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहायचं आणि टाच सावकाश खाली सोडायची. आधी गुडघा ताठ, मग किंचित वाकवून. रोज दोनदा, १२ आठवडे. सगळे १५ जण पुन्हा धावू लागले. १९९८ साली हे प्रसिद्ध झालं.

यासाठी पायरी मोकळी हवी. आपल्या इमारतींत जिन्यावर चपलांचे ढीग, कुंड्या, सायकली! वयस्कर माणसांनी कठडा धरायचा कुठे? सोसायट्यांनी हे मनावर घ्यायलाच हवं.

तर ऑपरेशन. नंतर काही आठवडे पायात आधाराचा बूट असतो. भार कधी टाकायचा, ते तुमचे सर्जन सांगतील. लक्षात ठेवा, दुखणं आधी कमी होतं, ताकद मागून येते. दुखणं आधी, ताकद मागून. सपाट रस्त्यावर चालणं लवकर जमतं. चढ चढणं, धावणं, उडी मारणं यांना कित्येक महिने लागतात. थोडा अशक्तपणा काहींना कायमही राहतो. पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा जाणवू शकतो.

एका पायावर उभं राहून टाच किती वेळा उचलता येते, हे ऑपरेशनआधीच फिजिओथेरपिस्टकडून मोजून घ्या, म्हणजे पुढे तुलना करता येईल. आणि पोटरी एकाएकी सुजली, गरम लागली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न बघता तडक दवाखाना गाठा.