गेटिसबर्गचे शेतकरी जनरल

श्रोतेहो, नमस्कार. ड्वाइट आयझेनहॉवर म्हटले की ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्त सैन्याचे सरसेनापती आठवतात, किंवा १९५३ ते १९६१ या काळातील अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. आज मला बोलायचे आहे ते त्यांच्या शेतीविषयी आणि गुरांविषयी. चरित्रग्रंथांत हा विषय बहुधा थोडक्यात आटोपला जातो; मला मात्र हा माणूस तिथेच सर्वांत जवळून कळतो.

१८९० साली जन्मलेले आयझेनहॉवर कॅन्सस राज्यातील ॲबिलीन गावी, बेताच्या परिस्थितीत वाढले. शाळा संपल्यावर गावातील ज्या लोण्याच्या कारखान्यात वडील नोकरीला होते, तिथेच त्यांनी रात्रपाळी केली. १९१५ मध्ये वेस्ट पॉइंटहून ते लष्करी अधिकारी होऊन बाहेर पडले आणि बदल्यांचे सत्र असे सुरू झाले की पत्नी मेमी यांना तीसहून अधिक वेळा बिऱ्हाड हलवावे लागले. स्वतःच्या मालकीचे पहिले घर त्यांना मिळाले ते १९५० मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर. पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे, यादवी युद्धाच्या रणभूमीला लागून असलेले १८९ एकरांचे शेत त्यांनी विकत घेतले. १९१८ मध्ये याच ठिकाणी ते रणगाडा दलाच्या शिबिराचे प्रमुख होते, त्यामुळे परिसर ओळखीचा होता.

जमिनीचा कस मात्र उतरलेला होता. आपल्याला मिळाली त्याहून चांगल्या स्थितीत ती मागे ठेवायची, हे त्यांनी मनाशी धरले आणि पिकांची फेरपालट, गवताची लागवड व कुरणांची निगा यांवर भर दिला. कुरणांत गुरे आली ती ॲंगस जातीची : मूळ स्कॉटलंडची, काळीभोर, बिनशिंगी, आखूड पायांची आणि भरल्या अंगाची. आपल्याकडे गाय दुधासाठी आणि बैल औतासाठी पाळतात. ही गुरे मांसासाठी पाळली जातात, हे स्पष्ट सांगायला हवे. आयझेनहॉवर यांचे लक्ष शुद्ध वंशाच्या पैदाशीवर होते. वळूची पाठ सरळ आहे का, मांड्या भरल्या आहेत का, कोणत्या गाईचे वासरू कसे निपजले, यात त्यांना मनापासून रस होता. रोजची व्यवस्था पाहत ते निवृत्त ब्रिगेडियर जनरल आर्थर नेव्हिन्स, म्हणजे युद्धकाळात त्यांच्याच मुख्यालयात काम केलेले सहकारी. ज्या दोघांनी एकेकाळी लाखो सैनिकांच्या हालचाली आखल्या, तेच आता वैरणीचा हिशेब करू लागले, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही, याचे मला फार अप्रूप आहे. अर्थात, हा डोलारा केवळ पगारावर उभा नव्हता. धनिक मित्रांचा त्यात मोठा हातभार होता, आणि भेटीदाखल आलेल्या जनावरांवरून व अवजारांवरून त्या काळी टीकाही झाली. ती टीका गैरवाजवी होती असे मी म्हणणार नाही.

सप्टेंबर १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर ते याच घरी विश्रांतीला आले आणि काही आठवडे देशाचा कारभार येथूनच चालला. पंडित नेहरू डिसेंबर १९५६ मध्ये या शेतावर आले, तेव्हा सुएझ आणि हंगेरीच्या प्रश्नांनी जग ढवळून निघाले होते. राजधानीच्या गडबडीपासून दूर दोघांना सविस्तर बोलता आले. १९५९ मध्ये सोव्हिएत संघाचे नेते ख्रुश्चेव्ह आले, त्यांना यजमानांनी आपला कळप दाखवला आणि एक कालवड भेट दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आयझेनहॉवर दिल्लीला आले असता जागतिक कृषी प्रदर्शनालाही उपस्थित राहिले.

१९६१ मध्ये पद सोडल्यावर अमेरिकी काँग्रेसने त्यांना त्यांचा लष्करी हुद्दा परत दिला, आणि पुढे ‘जनरल’ हेच संबोधन त्यांना अधिक आवडत असे. निवृत्तीची वर्षे त्यांनी गेटिसबर्गलाच काढली. १९६७ मध्ये हे शेत त्यांनी राष्ट्राला दिले. २८ मार्च १९६९ रोजी त्यांचे निधन झाले आणि ॲबिलीनला दफनविधी झाला. १९८० पासून ते घर, गोठे आणि कुरणे लोकांना पाहण्यासाठी खुली आहेत.