वर्ग सुरू व्हायच्या आधीचे महिने

नर्सिंगला प्रवेश पक्का झाला की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, कोणतं पुस्तक वाचायला घेऊ? मग जाडजूड पुस्तक आणलं जातं, पहिल्या पानापासून रंगीत पेनने रेघा ओढल्या जातात आणि तिसऱ्या प्रकरणाच्या आसपास ते मिटलं जातं. मिटलं म्हणून फार बिघडत नाही, कारण पुस्तक तिथे शिकवणारच आहेत. बिघडतं ते त्या नादात राहून गेलेल्या कामांमुळे. काही कामं अशी आहेत की आदल्या आठवड्यात कितीही धावपळ केली तरी उरकत नाहीत. लशींचे सगळे डोस पुरे व्हायला महिने लागतात. आकडेमोड हातात बसायला, हात धुण्याची सवय बदलायला आठवडे लागतात. आज बोलायचं आहे ते या न उरकणाऱ्या कामांबद्दल.

सगळ्यात आधी लसी, कारण इथे कॅलेंडर तुमचं ऐकत नाही. हिपॅटायटिस बीच्या नेहमीच्या वेळापत्रकात तीन डोस असतात: आज पहिला, एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. थोडं पुढेमागे चालतं, पण त्यालाही मर्यादा आहे. पहिल्या-दुसऱ्यात किमान ४ आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात किमान ८, आणि पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत किमान १६ आठवडे हवेत. म्हणजे हातात तीनच महिने असतील तर तीन डोस पुरे होणार नाहीत. तरी पहिले दोन घेऊन ठेवा आणि तिसऱ्याची तारीख लिहून ठेवा. डोस लांबला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला तेवढा घ्यायचा. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्ततपासणी करून अँटीबॉडी पाहतात. आकडा १० किंवा त्याहून जास्त आला की संरक्षण मिळालं असं धरतात. ही तपासणी टाळू नका. वापरलेली सुई चुकून टोचली तर पुढे काय करायचं, हे याच आकड्यावर ठरतं.

गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांच्या लसी जिवंत विषाणूंच्या असतात. प्रत्येकीचे दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे. या दोन वेगवेगळ्या लसी एकाच दिवशी घेता येतात. एका दिवशी घेतल्या नाहीत, तर दोघींमध्ये चार आठवडे जाऊ द्यायचे. गरोदरपणात या लसी देत नाहीत, तेव्हा तशी शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. इथे हमखास होणारा घोटाळा क्षयरोगाच्या त्वचा-तपासणीचा. गोवराची लस घेतली आणि दोन आठवड्यांनी मँटू, म्हणजे ही त्वचा-तपासणी, करून घेतली, तर लशीमुळे प्रतिक्रिया दबू शकते आणि तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून मँटू लशीच्या दिवशीच करा, नाहीतर चार आठवड्यांनी. टोचल्यावर ४८ ते ७२ तासांच्या आत ती वाचून घ्यायला परत जावं लागतं, त्यामुळे मध्ये लांबचा प्रवास ठेवू नका. वाचताना लाली मोजत नाहीत, हाताला लागणारा कठीण फुगवटा मोजतात. लहानपणी बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, घेतली असेल तर तेही सांगा. सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये, त्यांचे फोटो फोनमध्ये, आणि प्रत्येक नोंदीवर तारीख व शिक्का आहे ना ते तिथेच उभं राहून पाहा. बिनतारखेचा कागद कोणी धरत नाही.

आता गणिताकडे येऊ. नर्सिंगमधलं गणित सातवी-आठवीच्या पलीकडचं नाही. तरी मुलं घाबरतात ती औषधाच्या हिशेबालाच, आणि ते रास्त आहे, कारण इथे चुकलेल्या उत्तराची किंमत पेशंट मोजतो. मिळवायचं काय, तर दशांश चिन्ह आणि एककं यांवरची पकड. १ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम, १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. डॉक्टरांनी लिहिलं ०.२५ मिलिग्रॅम आणि हातातली गोळी १२५ मायक्रोग्रॅमची. आधी एकक एक करा: ०.२५ मिलिग्रॅम म्हणजे २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन गोळ्या. रूपांतर न करता घाईत भागाकार केला की उत्तर भलतंच येतं. लिहिण्याचा नियमही आतापासून पाळा. पूर्णांकाच्या जागी काही नसेल तर शून्य लिहायचंच, ०.५ असं. पूर्ण संख्येनंतर मात्र दशांश आणि शून्य लिहायचं नाही. ५ म्हणजे ५. ५.० मधला ठिपका पुसट झाला की वाचणारा ५० वाचतो.

मुलांचा डोस वजनावर काढतात. समजा पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम सांगितलं आहे आणि मूल १२ किलोचं आहे. एका वेळचा डोस १८० मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलंय ५ मिलीत १२० मिलिग्रॅम. १८० भागिले १२०, गुणिले ५, म्हणजे साडेसात मिली. सिरपच्या दोन बाटल्या दिसायला सारख्या आणि ताकद वेगळी असं सर्रास असतं, म्हणून हिशेब करताना लेबल समोर ठेवायचं, आठवणीवर जायचं नाही.

सलाईनच्या थेंबांचं गणित बहुतेकांना अडतं. १००० मिली आठ तासांत द्यायचं आहे आणि ड्रिप सेट मिलीला २० थेंबांचा आहे. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं. १००० गुणिले २०, भागिले ४८०, उत्तर ४१.६६. अर्धा थेंब पडत नाही, तेव्हा मिनिटाला ४२. हेच सलाईन १५ थेंबांच्या सेटवर मिनिटाला ३१ थेंबांनी जातं. सेटच्या पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय गणिताला हात घालायचा नाही, तो यासाठी. ६० थेंबांच्या मायक्रो सेटवर एक सोय आहे: ताशी जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे तासांची मिनिटं करायचं विसरणं. मग उत्तर येतं २५००. मिनिटाला अडीच हजार थेंब पडतील का, असा प्रश्न ज्याला पडतो तो वाचतो. म्हणून हिशेबाआधी अंदाज बांधायची सवय लावा. उत्तर साधारण किती यायला हवं हे आधी पुटपुटा, मग कागदावर करा. आणि उत्तर 'एका वेळी सहा गोळ्या' किंवा 'चार व्हायल' (इंजेक्शनच्या औषधाच्या बाटल्या) असं आलं, तर ते बरोबर असण्याची शक्यता कमी धरा. थांबा आणि कोणाला तरी वेगळं करून बघायला सांगा.

इन्सुलिनची गोष्ट निराळी, पण आत्ताच डोक्यात बसवावी अशी. इन्सुलिन मिलीला १०० युनिट असतं, काही ठिकाणी ४० युनिटांचंही मिळतं, आणि दोघांच्या सिरिंज वेगळ्या. १०० युनिटांचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर ते अर्धा मिली होतं, म्हणजे ५० युनिट. सांगितले होते २०. उलट केलं तर २० ऐवजी ८ जातात. असं का, ते स्वतः कागदावर मांडून काढा. ते सुटलं तर तुम्हाला एकाग्रता म्हणजे काय ते कळलं.

रोज वीस मिनिटं, दहा गणितं, पहिले काही आठवडे कॅल्क्युलेटरशिवाय. काही संस्थांत औषध-गणिताच्या परीक्षेला ९० टक्क्यांच्या खाली पास करतच नाहीत, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

वाचायचंच असेल तर थोडं वाचा, पण खोल. हृदय, फुफ्फुसं, मूत्रपिंड एवढ्यावर थांबलात तरी चालेल. कोऱ्या कागदावर रक्ताचा रस्ता काढा: महाशिरांतून उजव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात), तिथून उजव्या निलयात (खालच्या कप्प्यात), फुफ्फुसात, परत डाव्या अलिंदात, डाव्या निलयात, मग महाधमनीत. पुस्तक मिटून काढा, चुकलं की पाहा, दोन दिवसांनी पुन्हा काढा, मग आठवड्याने. पुन्हापुन्हा वाचल्याने ओळख वाढते, आठवून काढल्याने विषय आपला होतो. चित्र जमलं की खरा प्रश्न विचारा: डावं निलय थकलं तर काय होईल? रक्त पुढे नीट ढकललं जात नाही, मागे फुफ्फुसांत दाब वाढतो, तिथे पाणी साचतं आणि पेशंटला आडवं पडलं की धाप लागते. म्हणून त्याच्या पलंगाचं डोकं उंच करायचं. उजवं निलय थकलं तर तुंबारा सगळ्या शरीराकडे, मग पाय सुजतात, मानेच्या शिरा फुगतात. नर्सिंगच्या परीक्षेत नुसतं झडपेचं नाव पाठ असून भागत नाही. 'हा पेशंट असा बसलाय, तुम्ही आधी काय कराल' हे विचारतात. मूत्रपिंडाचंही तसंच. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या मध्ये असावं हे पाठ करणं सोपं आहे. ते वाढलं की पहिली काळजी हृदयाच्या ठोक्यांची का असते, हे समजून घ्या.

काही गोष्टी मात्र आधी शिकू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. व्हिडिओ बघून इंजेक्शन द्यायची, पेशंट उचलायची तालीम करू नका. प्रत्येक संस्थेची ठरलेली पद्धत असते, आणि हाताला बसलेली चुकीची पद्धत सोडवायला नवी शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. घरच्यांवर करून बघायला हरकत नाही ती नाडीची. अंगठ्याने पाहू नका, त्यात स्वतःचीच नाडी लागते. तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला. लय नियमित असेल तर तीस सेकंद मोजून दुप्पट, अनियमित असेल तर पूर्ण मिनिट. बोटं तशीच ठेवून, न सांगता श्वास मोजा. श्वास मोजतोय म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. निरोगी प्रौढाची नाडी ६० ते १००, श्वास १२ ते २०.

हात धुण्यावरही आजपासून लक्ष द्या. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, अल्कोहोलच्या द्रावणाने २० ते ३०. पाण्याने सुटणारा रंग थोडा तळहातावर घ्या, डोळे मिटून साबणासारखा चोळा आणि मग पाहा. अंगठे आणि बोटांची टोकं बहुधा कोरी राहिलेली दिसतात. नखं कापलेली, नेलपॉलिश आणि अंगठ्या नाहीत, ही सवयही आताच. दिवसात अनेकदा धुऊन कातडी फुटते आणि भेगांत जंतू घर करतात, तेव्हा रात्री साधं, बिनवासाचं क्रीम लावत जा.

खरेदीची घाई नको, संस्थेची यादी येऊ द्या. महागडा स्टेथोस्कोप पहिल्या सत्रात कोणाच्या उपयोगी पडत नाही. सेकंदकाटा असलेलं घड्याळ लागेल, पण पुष्कळ वॉर्डांत मनगटावर काही घालू देत नाहीत, म्हणून छातीला अडकवायचं घ्यावं. बूट मात्र विचार करून घ्या: पुढून बंद, पुसता येणारे, तळ न घसरणारा. कापडी बूट सांडलेलं सगळं शोषून घेतात. संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप खरं मिळतं. पहिल्या ड्यूटीआधी दोन आठवडे रोज घरात घालून फिरा.

शेवटी, बरेच जण एकच विचारतात: रक्त पाहून चक्कर आली तर? येऊ शकते, आणि त्यावरून तुम्ही या कामाला नालायक ठरत नाही. नाडी मंदावते, रक्तदाब अचानक उतरतो, मेंदूला रक्त कमी पडतं, एवढाच प्रकार. बहुतेकांना सवयीने तो कमी होतो. उपाशी ड्यूटीवर जाऊ नका, पाणी प्या, उभं राहताना गुडघे ताठ आवळून ठेवू नका. जांभया, घाम, कानात आवाज, डोळ्यांपुढे अंधारी ही आधीची लक्षणं. ती दिसली की लाजू नका, शेजारच्या सिस्टरला सांगा, पेशंट आणि निर्जंतुक ट्रेपासून दोन पावलं मागे व्हा आणि जिथे असाल तिथे जमिनीवर बसा. पाय एकमेकांवर टाकून मांड्या घट्ट आवळल्या तरी रक्तदाब सावरायला मदत होते. बरं वाटल्यावर लगेच उठू नका. दहा मिनिटं जाऊ द्या, आडवे पडला असाल तर आधी बसते व्हा, मग आधार धरून उभे राहा.