चार खोल्यांची वेबसाइट

(दृश्य: तारकर्ली-देवबाग रस्ता. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी. मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरोघरी पाट्या.)

ए.सी. रूम. घरगुती जेवण. स्कूबा. प्रत्येक पाटीखाली मोबाइल नंबर. यातले बरेच नंबर आता वेबसाइटवरही दिसतात, आणि त्या वेबसाइट बहुतेक वेळा मालवण, कुडाळ, रत्नागिरी किंवा चिपळूणला घरून काम करणाऱ्या एखाद्या फ्रीलान्स डिझायनरने केलेल्या असतात. गावात त्याची ओळख ‘कॉम्प्युटरवाला’ अशी असते. तो प्रिंटरही दुरुस्त करेल, अशी सगळ्यांची खात्री असते.

चार खोल्यांच्या होमस्टेला पाच पानं पुरतात: पहिलं पान, खोल्या, जेवण, कसं याल, संपर्क. यात सगळ्यात जास्त वेळ ‘कसं याल’वर घालवावा. वाडीतल्या घराला नंबर नसतो, रस्त्याला नाव नसतं. नकाशावरची पिन घरमालकाने अंदाजाने टाकलेली असते आणि कधी कधी ती खाडीच्या पलीकडच्या काठावर निघते. म्हणून डिझायनरने स्वतः अंगणात उभं राहून, उपग्रहाच्या चित्रात कौलं ओळखून पिन ठेवायची. शेजारी लिहायचं: स्टेशन कुडाळ, तिथून एस.टी. किंवा रिक्षा, गाडी नेमकी कुठपर्यंत येते. गुहागरच्या बाजूला आणखी एक भानगड. दापोलीकडून येणाऱ्याला नकाशा दाभोळ-धोपावे फेरीबोटीचा रस्ता दाखवतो. दिवसा तो उत्तम, पण रात्री बोट बंद असते आणि खेड-चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. ही एक ओळ पानावर असली, तर घरमालकाचे रात्रीचे निम्मे फोन वाचतात.

(दृश्य: मोबाइलचा स्क्रीन. हिरवं बटण दाबल्यावर उघडणारी व्हॉट्सअॅपची चौकट.)

मग येतो बुकिंगचा विषय. तारखा दाखवणारं कॅलेंडर लावायचा मोह क्लायंटला होतो, डिझायनरलाही होतो. चार खोल्यांसाठी ते टाळलेलं बरं. तीच खोली दोन-तीन बुकिंग साइटवरही लावलेली असते. त्यांची कॅलेंडरं एकमेकांना जोडता येतात, पण ताजी माहिती पोचायला कधी काही तास लागतात. ख्रिसमसच्या आठवड्यात तेवढ्या वेळात एकच खोली दोघांना जाते. त्यापेक्षा व्हॉट्सअॅपचं बटण लावावं आणि त्यात मजकूर आधीच भरून ठेवावा: ‘तारीख, माणसं किती, शाकाहारी की मासे’. लिंकमध्ये नंबर ९१ने सुरू करायचा. आधी अधिक चिन्ह किंवा शून्य लावलं, तर लिंक चालेलच असं नाही.

घरमालकिणीकडून फोटो मागवताना ठरलेलं वाक्य असतं, “काकी, साधे पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.” साधा पाठवलेला फोटो व्हॉट्सअॅप दाबून लहान करतं. मूळ फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो जसाच्या तसा चढवणंही चूकच. रुंदी १६०० पिक्सेल, वेबपी फॉरमॅट (वेबसाठीचा, कमी वजनाचा फोटोचा प्रकार), वजन २०० केबीच्या आत. पानातला सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, अशी गूगलची मोजणी आहे. काकींची मोजणी त्याहून सोपी, “माझ्या मोबाइलार दिसता काय रे?” तपासणी त्याच मोबाइलवर, त्याच अंगणातल्या नेटवर्कवर करायची.

मराठी मजकुराची तऱ्हा वेगळीच. माहितीपत्रक छापणाऱ्या प्रेसकडून मजकूर येतो तो बहुतेक जुन्या, युनिकोड नसलेल्या (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत न पाळणाऱ्या) फॉन्टमधला. वेबवर चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. कन्व्हर्टरमधून काढला तरी रफार आणि पहिली वेलांटी सरकलेली सापडते, त्यामुळे ओळन् ओळ वाचावी लागते. चाचणीसाठी इथला शब्द तयारच आहे: ‘किनाऱ्यावर’. नुक्त्याच्या ऱ ऐवजी साधा र टाइप झाला, तर ‘किनार्यावर’ होतं, आणि वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत खडा लागतो. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या तयार साच्यात, अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते, म्हणून ते शून्यावर आणायचं. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.६ ते १.८ पट ठेवायचं, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांवर चढतात. पानाची भाषा मराठी अशी नोंदवली, आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. हे लोकांना सांगता येत नाही, पण डोळ्यांना कळतं.

(दृश्य: आंब्याची अढी. पेंढ्यात ठेवलेला हापूस.)

बागायतदाराची साइट जानेवारीपर्यंत तयार हवी. माल मार्चपासून मेअखेरपर्यंत. एप्रिलमध्ये साइट सुरू करणं म्हणजे पुढच्या वर्षाची तयारी. दर सतत बदलतो, म्हणून तो एकाच जागी असावा आणि बागायतदाराला स्वतः बदलता यावा. ‘पेटी’ एवढंच लिहून भागत नाही. किती डझन, एका फळाचं वजन किती ग्रॅम, हे शेजारीच हवं, नाहीतर भांडण ठरलेलं. ऑक्टोबर २०१८मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते चिन्ह वापरायला बागायतदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय चिन्ह चिकटवू नये. ऑनलाइन पैसे घ्यायचे असतील, तर पेमेंट गेटवे, म्हणजे पैसे स्वीकारून देणारी कंपनी, आधी अटी, परतावा आणि गोपनीयतेची पानं तपासतो. नासक्या फळाचा परतावा कसा, किती तासांत फोटो पाठवायचा, हे बागायतदाराला विचारूनच लिहायचं. दुसऱ्याच्या साइटवरून उचललेल्या अटींत कधी कपड्यांची साइज बदलून मिळते.

साइट बंद पडते ती सहसा डिझाइनमुळे नाही. डोमेन, म्हणजे साइटचा वेबवरचा पत्ता, डिझायनरच्या नावावर असतं, तो पुण्याला नोकरीला जातो आणि नूतनीकरणाचा ईमेल कोणीच वाचत नाही. डॉट कॉमची मुदत संपल्यावर साधारण महिनाभर नेहमीच्या दरात सोडवता येतं, पुढचे ३० दिवस जबर दंड, त्यानंतर पाच दिवसांत नाव कोणालाही मोकळं. म्हणून डोमेन क्लायंटच्या नावावर, क्लायंटच्याच ईमेलवर. त्याला ईमेल नसेल, तर कामाची सुरुवात तिथून.

दुसरं कारण, फुकट मिळालेली चोरीची थीम, म्हणजे साइटचा तयार साचा. तिच्यात बहुधा कोणीतरी साइटमध्ये घुसायला आधीच दार उघडं ठेवलेलं असतं. तिसरं, संपर्काचा फॉर्म. तो थेट सर्व्हरवरून मेल पाठवतो, मेल स्पॅममध्ये जातो आणि मालक म्हणतो, चौकशीच येत नाही. एसएमटीपी, म्हणजे खऱ्या ईमेल खात्यातून मेल पाठवायची सोय, जोडून एकदा स्वतः फॉर्म भरून पाहावा.

बॅकअप गावातल्या हार्ड डिस्कवर ठेवून भागत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात वीज आणि फोन कित्येक दिवस बंद होते. प्रत क्लाउडवर हवी. जूनमध्ये काम पोचवायचा वायदा करू नये, आणि गणपतीत तर कोणाला फोनही करू नये.

पैसे तीन टप्प्यांत: ४० टक्के आगाऊ, ३० टक्के पहिला मसुदा दाखवल्यावर, ३० टक्के साइट सुरू होण्याआधी. मजकूर क्लायंट देणार की डिझायनर लिहिणार, हे कोटेशनमध्येच हवं, कारण निम्मे दिवस तिथेच जातात. देखभालीचं वार्षिक बिल मात्र हंगाम पाहून पाठवायचं. होमस्टेला जानेवारीत, नाताळची गर्दी ओसरल्यावर. बागायतदाराला मेअखेर, पेट्यांचे पैसे हातात आल्यावर. डोमेन सप्टेंबरात संपत असलं, तरीही.