अंबाबाईचा किरणोत्सव

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या गाभाऱ्यात मावळतीची किरणं वर्षातून दोनदा थेट देवीपर्यंत येतात. रूढ तारखा ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसाच्या अलीकडे आणि पलीकडे हे दिवस जवळपास सारख्याच अंतरावर पडतात, म्हणून दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर एकाच जागी मावळतो. ती जागा ऐन पश्चिमेला नसते, सुमारे १८ अंश दक्षिणेकडे असते.

देवीचं मुख पश्चिमेला. नोव्हेंबरात पाचच्या सुमारास किरणं महाद्वारातून आत शिरतात. गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, कटांजन म्हणजे मूर्तीपुढचा कठडा, आणि मग चरण. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुखकमल, अशी परंपरा सांगते. मूर्ती जेमतेम तीन फुटांची. गाभाऱ्यातले दिवे मालवलेले असतात, त्यामुळे प्रकाशाचा पट्टा वर चढताना स्पष्ट दिसतो.

पण कित्येकदा किरणं कमरेपर्यंत येतात आणि तिथेच विरतात. असं का होतं? सूर्य जितका खाली, तितकी किरणं आडवी होतात आणि मूर्तीवर वर चढतात. म्हणजे मुखापर्यंत पोहोचायला सूर्य अगदी क्षितिजालगत हवा. नेमकी तिथेच धूळ, धूर, आर्द्रता आणि ढगांची पट्टी सर्वांत दाट असते. त्यात महाद्वारासमोरच्या इमारती. एखादा वाढीव मजला, गच्चीवरची पाण्याची टाकी, एक जाहिरातफलक एवढंही शेवटची काही मिनिटं अडवायला पुरतं. चरणांपुरती किरणं तरीही येतात. अडतं ते मुखदर्शन. म्हणून किरणांच्या वाटेची रेषा शहराच्या नकाशावर आखलेली असावी आणि बांधकामाला परवानगी देण्याआधी ती तपासली जावी, असं आम्हाला कळकळीनं वाटतं. मंदिर कितीही जपलं, तरी समोरचं आकाश बुजलं तर हा सोहळा उरणार नाही.

दर्शनाला जाणार असाल तर महाद्वार ते गाभारा ही मधली वाट मोकळी सोडा, बाजूला उभे राहा. हात उंचावून मोबाइल धरला तरी किरणांच्या वाटेत सावली पडते. नोव्हेंबरात साडेपाचच्या आत जागा धरा. जानेवारी-फेब्रुवारीत सूर्यास्त अर्ध्या तासानं उशिरा असतो, तेव्हा सहापर्यंत पोहोचलात तरी चालेल. किरणोत्सव झाला की लगेच देवीची आरती होते. तीही घेऊनच निघा.